साळूताईची कॉफी

एका जंगलात, मुलांनो, एक मोठ्ठं दुकान होतं. जंगलात दुकान कशाला, असं विचारू नका. ज्यांना सगळं फुकट मिळतं, त्यांनाच दुकानाची सगळ्यात जास्त गरज असते.

दुकान एका जुन्या वडाच्या ढोलीत होतं. नाव होतं महावट भांडार. तिथे गवत मिळायचं, पण कागदात बांधलेलं. मध मिळायचा, पण मधमाश्यांशिवाय. प्राणी लांबून यायचे, बाहेर फुकट उगवलेलं गवत तुडवत आत शिरायचे आणि आतलं गवत विकत घ्यायचे.

या दुकानात अंथरूण-पांघरूण विभाग होता. तो सांभाळायची साळूताई. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, आणि काम मऊ गाद्या विकायचं. पण ती ते काम मन लावून करायची. हरणाची पाठ कुठे अवघडते, सशाला पिल्लं झाली की बिळात काय अंथरावं, म्हाताऱ्या कोल्ह्याच्या गुडघ्यांखाली काय ठेवावं, हे ती गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता काढून घ्यायची. गिऱ्हाईक घरी जाऊन शांत झोपायचं. साळूताई भरून पावायची.

दुकानाचे व्यवस्थापक होते बगळेसाहेब. पांढरेशुभ्र. कायम एका पायावर उभे. दुसरा पाय त्यांनी कधी टेकवलेला कुणी पाहिला नव्हता. कामाला पाय लागतो, म्हणून ते तो जपून ठेवत असावेत.

बगळेसाहेब रोज सकाळी सगळ्यांना गोळा करून सांगायचे, "आपण इथे नोकर नाही आहोत. आपण एक कुटुंब आहोत."

तळ्यातल्या माशांनाही ते असंच सांगायचे.

तर एकदा काय झालं, बगळेसाहेब शेजारच्या जंगलातून उडत आले. तिथल्या दुकानात त्यांनी कॉफी पाहिली होती. झालं! पुढच्या आठवड्यात महावट भांडाराच्या दारातच कॉफीचा कोपरा उभा राहिला. वाफ सोडणारं एक मशीन आलं. ते इतकं मोठ्याने फुसफुसायचं की सुरुवातीला उंदीर त्याच्यापुढे हात जोडून उभे राहायचे.

मशीन चालवायला वेणू वानरीण आली. तिला कॉफीवाली म्हणायचं नाही, अशी ताकीद होती. तिला बरिस्ता म्हणायचं. कॉफीवालीला पगार विचारावासा वाटतो. बरिस्ताला वाटत नाही.

आता गंमत बघा. या जंगलात आजवर कुणी कॉफी प्यायलं नव्हतं. सगळे ओढ्याचं पाणी पीत आणि मजेत असत. पण कोपरा उघडला आणि सगळ्यांना कळलं, की आपण जन्मभर दमलेलो होतो. अस्वलाला कॉफीशिवाय उठवेना. डुकराला कॉफीशिवाय चिखलात शिरवेना. दारात ही रांग लागली. वेणू एकटी. चार हातपाय आणि शेपूट, सगळं कामाला लावायची, तरी पुरायचं नाही. वाफेने तिच्या बोटांवरचे केस झडले.

एके दिवशी बगळेसाहेब अंथरुणांच्या विभागात आले. साळूताई दुलया घडी करत होती.

"साळूताई, तुमच्यासाठी एक सुवर्णसंधी आहे."

साळूताईने दुलई खाली ठेवली. बगळेसाहेबांची संधी उभ्याने ऐकू नये, एवढा अनुभव तिला होता. ती बसली.

"तुम्ही कॉफीसुद्धा शिका," बगळेसाहेब म्हणाले. "याला क्रॉस-ट्रेनिंग म्हणतात. गाद्यांना गिऱ्हाईक नसेल तेव्हा कॉफी. कॉफीला नसेल तेव्हा गाद्या."

"आणि दोन्हीकडे असेल तेव्हा?"

"तेव्हा तुमचा खरा विकास होईल."

"सक्ती आहे का साहेब?"

"छे छे! अगदी ऐच्छिक. जो नको म्हणेल, त्याच्याबद्दल माझ्या मनात काहीही येणार नाही. अगदी काहीही. त्याचं नावसुद्धा येणार नाही."

"पगारात काही..."

"साळूताई," बगळेसाहेबांनी डोळे मिटले. त्यांना वेदना झाल्या होत्या. "कुटुंबात असं विचारतात का?"

साळूताई घरी गेली. तिचे यजमान बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडले होते. ते काही करत नसत. ते विचार करत.

"अहो, मला कॉफी शिकायला सांगतायत. शिकू का?"

"फुकट प्यायला मिळेल?"

"मिळेल थोडीफार."

"मग यात विचार कसला करायचा?" यजमान म्हणाले आणि कूस बदलून दुसऱ्या विषयावर विचार करू लागले.

पण साळूताईला विचार पडला होता. उन्हाळा आला की गाद्यांना कोण विचारतं? रजया तशाच पडून राहायच्या. उद्या साहेब म्हणाले, तुमचा विभागच नको, तर? हातात दुसरं काही असलेलं बरं. शिवाय तिला तो वास आवडायचा. सकाळी कॉफीचा वास गाद्यांपर्यंत यायचा आणि तिचं नाक आपोआप वर व्हायचं. पण मग हरणीण आली आणि आपण फेस काढत बसलो तर? आणि या काट्यांच्या हातांनी ते नाजूक काम जमेल का?

दुसऱ्या दिवशी तिने वेणूलाच विचारलं.

वेणू कप पुसत होती. ती म्हणाली, "ताई, तू आलीस तर मला पाणी प्यायला फुरसत मिळेल. मी इथे लागल्यापासून लोकांना पाजतेय आणि स्वतः कोरडी आहे."

एवढं ऐकल्यावर साळूताई नाही कशी म्हणेल? ती हो म्हणाली. मुलांनो, जगातली बरीचशी जादा कामं अशीच अंगावर येतात. साहेबासाठी कुणी करत नाही. शेजारणीसाठी करतात.

बगळेसाहेबांना फार आनंद झाला. इतका, की त्यांनी लगेच वेणूलाही गाठलं आणि सांगितलं, "आणि तू, वेणू, गाद्या शिक. संधी सगळ्यांना समान हवी."

मग दोघींचं शिकणं सुरू झालं.

पहिल्याच दिवशी मशीन फुसफुसलं आणि घाबरून साळूताईच्या पाठीवरचे सगळे काटे उभे राहिले. मागे कागदी कपांची चळत होती. एकूण एक कपाला भोकं पडली. त्या दिवशी ज्याने ज्याने कॉफी घेतली, त्याने ती पायांवर घेतली. बगळेसाहेब म्हणाले, "शिकताना असं होतंच," आणि भोकं पडलेले कप साळूताईच्या नावावर टाकले.

पण वेणूने धीर सोडला नाही. "ताई, मशीनकडे बघू नकोस. दुधाकडे बघ. दूध काय बोलतं ते ऐक. आधी खरखरतं, मग गुणगुणायला लागतं. गुणगुणलं की वाफ बंद."

साळूताई ऐकू लागली. काही दिवसांनी तिला ते गुणगुणणं ऐकू आलं. मग तिच्या हाताखालून असा फेस येऊ लागला, की म्हशीने वळून पाहावं. एकदा तिने सहज हात हलवत दूध ओतलं, तर कपात पिंपळाचं पान उमटलं. समोर अस्वलभाऊ होते. त्यांनी कपात बघितलं, साळूताईकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे प्यायचं कसं? मोडेल की."

साळूताईला त्या दिवशी काय वाटलं ते तिने यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "मला नाही आणलंस?"

तिकडे वेणूसुद्धा गाद्यांत रमली. तिला आधी वाटायचं, फांदीवर झोपणाऱ्याने गादीचं काय सांगावं? पण साळूताईने तिला सांगितलं, "गादी विकायची नाही. गिऱ्हाइकाला विचारायचं, काल रात्री झोप लागली का? बस. बाकी तेच सांगतं." आणि खरंच, प्राणी सांगू लागले. एका टिटवीने तर तासभर सांगितलं.

दोघी दुपारी पाळीपाळीने पाणी प्यायच्या. कधी एकत्र प्यायच्या. हसायच्या. दोघींना वाटलं, साहेब वाटतात तितके वाईट नाहीत.

असं वाटलं की सावध राहावं, मुलांनो. पण त्या दोघींना सांगणार कोण?

एका सकाळी बगळेसाहेबांनी दोघींना बोलावलं. ते प्रसन्न दिसत होते. पोट भरलेलं होतं.

"शाबास! तुझं काम हिला येतं, हिचं काम तुला येतं. आता मला एक सांगा. एकीलाच दोन्ही कामं येत असतील, तर दुसरी कशाला?"



"पण साहेब," वेणू म्हणाली, "तुम्हीच तर शिका म्हणालात!"

"आणि तुम्ही शिकलात! म्हणून तर हा दिवस दिसला." बगळेसाहेबांचा आवाज भरून आला. "परवा मालक स्वतः येणार आहेत. हत्तीशेठ. त्यांच्यासमोर साळूताई कॉफी करतील, वेणू गादी विकेल. जिचं परकं काम जास्त चांगलं, ती राहील. दुसरीला आपण निरोप देऊ. फुलं देऊन. कुटुंब आहे शेवटी."

दोघी बाहेर आल्या. वडाच्या मुळीवर बसल्या.

वेणूच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं असायचं. घरी म्हातारी आई होती. तिला आता झाड चढवत नव्हतं, फळं आणून द्यावी लागायची. साळूताईच्या घरी विचार करणारे यजमान होते.

शेवटी साळूताई म्हणाली, "मी वाईट कॉफी करीन."

"काय?"

"इतकी वाईट करीन, की शेठ म्हणतील, हिचं काम गाद्याच. तू गाद्यांत घोळ घाल. मग म्हणतील, हिचं काम कॉफीच. दोघींना आपापल्या जागी ठेवावंच लागेल."

वेणू म्हणाली, "ताई, तू वाईट केलीस आणि मी ऐन वेळी चांगलं केलं तर?"

"तर तू राहशील."

"आणि तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," साळूताई म्हणाली. "पण तुला सांगून काय उपयोग? तुलाही तेवढीच वाटत असणार."

घरी गेल्यावर तिने यजमानांना सगळं सांगितलं. ते पहिल्यांदाच उठून बसले.

"वेडी आहेस का? चांगली कॉफी कर आणि मोकळी हो. ती वानरीण आहे. या झाडावरून त्या झाडावर जाईल. आपण कुठे जाणार?"

तो विचार साळूताईच्याही मनात येऊन गेला होता, म्हणून तर राग आला. ती न जेवता झोपली. गाद्या विकणारीला त्या रात्री गादी टोचली.

परवाचा दिवस उजाडला. हत्तीशेठ आले. एवढे मोठे, की ते आले म्हणजे अर्धे दुकानात आणि अर्धे बाहेर. दुकान त्यांचं होतं, पण त्यात मावत नसल्यामुळे ते कधी पुरते आत आले नव्हते. दुकानात काय विकतात, हे त्यांना बगळेसाहेबांकडूनच कळायचं.

सगळे प्राणी जमले. साळूताई मशीनपाशी गेली.

मुलांनो, चांगलं काम येणाऱ्याला वाईट काम करणं फार जड जातं. दूध गुणगुणायला लागलं. तिचा हात आपोआप वाफ बंद करायला गेला. तिने तो मागे खेचला. दूध करपू दिलं. भुकटी दुप्पट घातली आणि नीट दाबली नाही. साखरेच्या डब्यावरून हात पुढे नेला आणि मूठभर मीठ टाकलं. वर कसलंही पान उमटलं नाही. जे उमटलं त्याला पाहून अस्वलभाऊंनी डोळे झाकले.

हत्तीशेठनी सोंड घातली. सगळी कॉफी एका दमात ओढली.



शेठचे कान हलले. डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "वा!"

साळूताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"वा, वा! काय चव आहे! लोक कॉफी कॉफी म्हणतात ती ही होय? घसा कसा पेटला! बगळे, तुम्ही प्या."

बगळेसाहेबांनी चोच बुडवली. त्यांचा दुसरा पाय जेमतेम टेकता टेकता राहिला. पण ते सावरले. "अप्रतिम, शेठ. जिभेवरून हलतच नाही."

साळूताईने वेणूकडे बघितलं. वेणूचा चेहरा पांढरा पडला होता. मीठ पडताना तिने पाहिलं होतं. साळूताईने वचन पाळलं, हे तिला कळलं होतं. पण आता तिने आपलं वचन पाळलं, तर ती घरी जाणार होती.

साळूताई पुढे झाली. "शेठ, ही कॉफी वाईट आहे. यात मीठ आहे. मी मुद्दाम टाकलंय."

"मुद्दाम!" शेठ गरजले. "ऐकलंत बगळे? चुकून नाही, मुद्दाम! याला म्हणतात कल्पकता. आणि वर किती विनय!"

"शेठ, दूधही करपलंय..."

"पुरे, पुरे. स्वतःचं कौतुक फार करू नये."

आता वेणूची पाळी. साळूताई तिच्या कानाशी लागली. "वेणू, ठरलं होतं ते विसर. नीट कर. तुला येतं. मी शिकवलंय."

वेणू हळूच म्हणाली, "ताई, तुझी नासकी कॉफी त्यांना आवडली. माझं चांगलं काम त्यांना कळेल कशावरून?"

 

वेणू शेठसमोर गेली. झोप लागते का, हे तिने विचारलं नाही. सगळ्यात वरच्या फळीवर सशाच्या पिल्लाची दुलई होती, पिंपळाच्या पानाएवढी. ती काढून तिने शेठपुढे धरली.

"शेठ, ही घ्या. तुमच्या अंगभर पुरेल."

कुणीतरी हसलं. बगळेसाहेबांनी तिकडे बघितलं. हसू थांबलं.

शेठनी दुलई सोंडेने उचलली. पाठीवर टाकली, घसरली. डोक्यावर टाकली, घसरली. शेवटी ती उजव्या कानावर अडकली.

"ऊब आहे हो," ते हळवे होऊन म्हणाले. "सगळे माझ्या पोटाचा विचार करतात. पाठीचा करतात. माझ्या कानाचा विचार करून मला आजवर कुणी काही दिलं नव्हतं."

बगळेसाहेब म्हणाले, "मीच सुचवलं होतं, शेठ."

"मग आता यांतली कुठली ठेवायची म्हणत होतात?"

"आपण ठरवाल ती, शेठ."

"एक ठेवायची? अहो, अशी रत्नं मिळतात कुठे? दोघींना ठेवा!"

प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. वेणूने धावत येऊन साळूताईला मिठी मारली. मग ओरडली. मग जरा लांबून मारली. दोघी रडत होत्या, हसत होत्या. साळूताईला वाटलं, घरी जाऊन यजमानांना सांगावं, पाहिलंत?

मुलांनो, गोष्ट इथे संपवली असती तर बरं झालं असतं. पण बगळेसाहेब अजून एका पायावर उभे होते.

"शेठ," ते नम्रपणे म्हणाले, "दोघींना ठेवायचं, उत्तम. पण दोघींना दोन्ही कामं येतात. मग दोघी एकाच वेळी कशाला? एक सकाळी, एक संध्याकाळी. दुकान दुप्पट वेळ उघडं राहील. माणसं तेवढीच."

शेठनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. "बगळे, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं!"

तेव्हापासून साळूताई सकाळी असते. एकटी. एका हाताने कॉफी करते, दुसऱ्या हाताने गाद्या दाखवते. वेणू संध्याकाळी असते. एकटी. पिल्लाला पाठीवर बांधून. पाणी प्यायला दोघींनाही फुरसत नाही.

कॉफी आता मिठाचीच होते. शेठना आवडली, म्हणून ती ठरून गेली. तिला शेठ-कॉफी म्हणतात. सुरुवातीला प्राण्यांची तोंडं वाकडी व्हायची. आता जो तोंड वाकडं करेल, त्याला चव कळत नाही असं समजतात. अस्वलभाऊ दोन कप पितात आणि ओढ्यावर जाऊन गुळण्या करतात. एकदा साळूताईने गुपचूप साखर घालून त्यांना एक कप चांगला करून दिला. ते घाबरून म्हणाले, "ताई, नको. कुणी पाहिलं तर?"

गिऱ्हाइकांना आता झोप लागते का, ते कुणी विचारत नाही. कॉफीची रांग खोळंबते. एकदा हरणीण पाठ धरून उभी राहिली, उभी राहिली, आणि समोर होती ती गादी उचलून निघून गेली. साळूताईला ती चुकीची गादी दिसत होती. पण हातात उकळतं दूध होतं.

पाळी बदलताना दोघी दारात भेटतात. एक आत येते, एक बाहेर जाते.

"कशी आहेस, ताई?"

"बरी आहे. तू?"

"बरी. आईला बरं नाही जरा."

"अगं, मग..."

तेवढ्यात आतून मशीन फुसफुसतं. वेणू पळते. साळूताई थोडा वेळ दारात उभी राहते आणि मग चालायला लागते. घरी यजमान वाट बघत असतात. उरलेली शेठ-कॉफी त्यांना मनापासून आवडते.

बगळेसाहेबांना शेठनी शेजारच्या जंगलातलं दुकानही सांभाळायला दिलं. आता ते एक पाय इथे ठेवतात आणि एक तिथे. दुसरा पाय टेकवलेला मात्र अजून कुणी पाहिला नाही.

तात्पर्य : चांगलं काम कुणालाही शिकता येतं. पण वाईट काम करून स्वतःला वाचवायचं असेल, तर चांगल्या-वाईटातला फरक आपल्या मालकाला कळतो की नाही, याची आधी खात्री करून घ्यावी. मुलांनो, घरी गेल्यावर हे आईबाबांना सांगायची गरज नाही. ते नोकरी करतात. त्यांना माहीत आहे.